कोऱ्या भिंतीला गंध

“आता अजून एक ठोक,” सासूबाई म्हणाल्या.

हर्षद स्टुलावर उभा होता, दोन खिळे ओठांत धरून. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी ओवीला खांद्यावर घेऊन थोपटत होते. फोटो दोन होते आणि दोन्ही लावून झाले होते.

“अजून कशाला?” खिळे हातात घेत तो म्हणाला. “फोटो दोनच आहेत की.”

“ठोक म्हटलं की ठोकायचं. हितं.” सासूबाईंनी भिंतीला पाठ टेकवली, स्वतःच्या डोक्यावर तळहात आडवा धरला, मग वळून त्या जागेपासून वर एक वीत मोजली आणि बोट टेकवलं. “बरोब्बर हितं.”

“एवढा खाली? आई, ओळ बिघडते. अण्णांच्या फोटोच्या रेषेत घे ना.”

“बिघडू दे. ओळीत उभं राहायला ती काय शाळा हाय?”

हर्षद हसला. मलाही हसू आलं. त्याने खिळा ठोकला, थोडा गिलावा सांडला, तो सासूबाईंनी स्वतः फडक्याने टिपून घेतला. खिळ्यावर मात्र त्यांनी काहीच लावलं नाही.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मिरजेत आम्ही नुकताच फ्लॅट घेतला होता. अण्णा, म्हणजे माझे सासरे, जाऊन चौदा महिने झाले होते. त्यांचं वर्षश्राद्ध उरकलं आणि जुनं भाड्याचं घर सोडून आम्ही सासूबाईंना घेऊन इथे राहायला आलो. ओवी सहा महिन्यांची होती. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, कंत्राटावर. सोमवारपासून हजर व्हायचं होतं. नाही झाले तर दुसरी बाई तयारच होती. आणि ओवीला सासूबाई सांभाळणार होत्या, हे ती पोटात असल्यापासून ठरलेलं होतं.

हॉलमधली ती दक्षिणेकडची भिंत मी मनातल्या मनात एका मोठ्या निसर्गचित्रासाठी राखून ठेवली होती. पण गेलेल्या माणसांचे फोटो दक्षिणेच्या भिंतीवर, हे सासूबाईंच्या मनात पक्कं होतं. मी वाद घातला नाही. मधोमध अण्णांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. त्यांच्या डाव्या बाजूला मोठी आई. मोठी आई म्हणजे अण्णांची पहिली बायको. ती बाळंतपणात गेली, त्यानंतर अण्णांनी सासूबाईंशी लग्न केलं. मोठ्या आईचा फोटो अण्णांच्या घरात सासूबाईंच्याही आधीपासून होता. दर अविधवा नवमीला सासूबाई त्याच्या काचेवर हळद-कुंकू लावत, हर्षद लहानपणापासून परीक्षेला जाताना तिच्या पाया पडत असे.

आणि आता अण्णांच्या उजव्या बाजूला, वीतभर खाली, एक मोकळा खिळा.

“तिला स्वतःसाठी जागा धरायची असेल,” चहा पिताना हर्षद हळूच म्हणाला. “एका बाजूला मोठी आई, दुसऱ्या बाजूला ही.”

“असं काय बोलतोस?”

“मग कशासाठी? तूच सांग.”

धडधाकट बाई स्वतःच्या फोटोसाठी खिळा ठोकून घेते, ही कल्पनाच मला कशीतरी वाटली. तो खिळा रिकामा दिसला की मी नजर वळवायचे. शेवटी मंगळवारी मी त्यावर ओवीच्या बारशाचा फोटो लावून टाकला. कुंची घातलेली, डोळे मोठ्ठे केलेली ओवी. भिंत एकदम हसरी झाली.

सासूबाई भाजी घेऊन आल्या. पिशवी तशीच दारात टाकून त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी फोटो ओढून काढला. ओढताना मागची दोरी तुटली.

“लेकराला हितं लावतीस? ह्या भिंतीला?”

“आई, खिळा मोकळा होता म्हणून…”

“मोकळा न्हाई तो.” फोटो त्यांनी छातीशी धरला, मग माझ्या हातात दिला आणि पिशवी उचलून आत गेल्या.

मोकळा नाही? मी खिळ्याकडे बघत राहिले. त्याच्यावर धूळसुद्धा नव्हती.

बुधवारी सकाळी मी ओवीला पाजून बाहेर आले, तेव्हा सासूबाईंची पूजा आटपली होती आणि त्या फोटोंना गंध लावत होत्या. अण्णांना लावलं. मोठ्या आईला कुंकू लावलं. मग त्या उजवीकडे सरकल्या, हात वर केला, खिळ्याच्या थोडं खाली, कोऱ्या भिंतीला अनामिकेने गंधाचा ठिपका लावला. आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. किती वेळ, कोण जाणे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि बर्नरचा बारीक फुसफुस आवाज चालू होता.

मी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली. सासूबाई मागून आल्या. “अगंबाई,” एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. हे लिहायला आजही बरं वाटत नाही, पण ठेवली. त्यांनी मीठ दोनदा घातलं का? ओवीला पाळण्यात ठेवून कडी लावली का? शेजारच्या काकूंना नावाने हाक मारली का? सगळं बरोबर होतं. ओवीचा लंगोट माझ्यापेक्षा नीट बांधत होत्या. आणि तरीही संध्याकाळी भिंतीवर गंधाचा ठिपका होता, वाळून पिवळा पडलेला. कोऱ्या भिंतीला कोण गंध लावतं?

मी हर्षदला सांगितलं.

“आज्जीचंही असंच सुरू झालं होतं,” तो म्हणाला. “आईची आई. शेवटी शेवटी रिकाम्या ताटाला हात धुवायची.”

गुरुवारी डॉ. मगदूम घरी आले. जुने डॉक्टर, अण्णांचे ओळखीचे. सासूबाईंना आम्ही सांगितलं की बीपी बघायला येणार आहेत. बीपी बघून झाल्यावर ते गप्पा मारल्यासारखे प्रश्न विचारू लागले.

“काय वहिनी, आज वार कुठला?”

“गुरुवार. उपास हाय माझा. तुमचा न्हाई वाटतं?”

“नाही हो, सुटला आता. बरं, शंभरातून सात गेले किती?”

“त्र्याण्णव. त्यातनं सात गेले शहाऐंशी. मग एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. अजून म्हणू?”

डॉक्टर हसले. हर्षदच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. मी दारात उभी होते, मलाही हायसं वाटलं.

“झकास. आणि यजमानांचं नाव काय होतं?”

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“कुठल्या?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी हर्षदकडे पाहिलं. मग हर्षद खालच्या आवाजात म्हणाला, “आई, अण्णांचं नाव विचारताहेत डॉक्टर.”

“व्हय, व्हय. रामचंद्र. रामचंद्र पोरे,” त्या घाईघाईने म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

जिन्यात डॉक्टर आम्हाला म्हणाले, “हिशेब चांगला आहे, पण नवऱ्याच्या नावाशी अडखळल्या, ते मला आवडलं नाही. भिंतीचं तुम्ही सांगितलंत, तेही आहे. सुरुवात असू शकते. महिनाभराने मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू. तोवर बाळाला एकट्या त्यांच्यावर सोडू नका.”

हर्षद माझ्या पुढे जिना चढला. दाराशी मात्र थांबला. “कॉलेजात फोन कर. म्हणावं, जमत नाही.”

“सोमवार आहे हर्षद. दुसरी बाई घेतील ते.”

“मग घेऊ देत. दूध उतू गेलं तेव्हा ओवी आत होती, वृषाली. त्या गॅसमध्ये.”

हे मीच त्याला सांगितलं होतं. मी फोन हातात घेतला, पण केला नाही. शुक्रवारी करते म्हणाले.

शुक्रवारी दुपारी ओवी झोपली होती. सासूबाई हॉलमध्ये जमिनीवर पाय पसरून मेथी निवडत होत्या. मी समोर बसले, एक जुडी ओढून घेतली. कालपासून एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. विसरलेलं माणूस चुकीचं नाव सांगतं, किंवा नुसतं बघत राहतं. ‘कुठल्या’ असं कोण विचारतं? ज्याच्याजवळ दोन आहेत, तोच विचारतो.

“आई,” मी म्हणाले, “कुठल्या म्हणजे?”

त्यांनी वर पाहिलं नाही. पानं खुडत राहिल्या. मला वाटलं, ऐकलंच नाही.

“तू लई बघतीस,” मग त्या म्हणाल्या. “बुधवारपासनं बघतीयास. मला कळत न्हाई व्हय?”

मी मान खाली घातली.

“सतरा वर्षांची होते. जतकडं दिलं होतं मला. विहिरी खणायचं काम करायचे ते. सात महिने झाले लग्नाला आणि सुरुंग उडाला.” हातातली काडी त्यांनी मोडली. “पाच वर्षं माहेरात काढली. मग हे स्थळ आलं.”

“अण्णांना माहीत होतं?”

“समदं. माणूस वाईट न्हवता गं. पण पहिल्या दिवशीच म्हणाले, मागचं मागं ठिवून ये, ह्या घरात तो विषय नको. ठिवलं.”

“आणि मोठ्या आईचा फोटो?”

“तो भिंतीवर हुताच की. उंबरा ओलांडला आणि पहिल्यांदा तिला हळद-कुंकू लावाय लावलं मला. छत्तीस वर्षं लावलं.” त्या जराशा हसल्या. “तिचा काय दोष त्यात? तिच्याशी मी बोलायचे कधीकधी. म्हणायचे, बाई, तुला जागा हाय भिंतीवर. नशीबवान हाईस.”

मी भिंतीकडे पाहिलं. आता मला वाटलं, सगळं समजलं.

“मग लावा ना फोटो, आई. अण्णाही नाहीत आता. कुठे ठेवलाय? मी फ्रेम करून आणते.”

“फोटो हाय कुठं?”

“म्हणजे?”

“काढलाच न्हाई. जत्रा झाली की मिरजेला जाऊन काढू म्हणाले हुते, जोडीनं. जत्रेच्या आधीच…” त्यांनी मेथीच्या काड्या गोळा करून कागदावर टाकल्या. “तोंड आठवत न्हाई मला. कितीदा डोळं मिटून बघितलं. उंची तेवढी आठवते. दारातनं येताना वाकायचे. माझ्या डोक्याच्या वर एक वीत. त्येवढंच हाय माझ्याजवळ, मग त्येवढंच लावलं.”

म्हणजे तो खिळा काही टांगण्यासाठी नव्हताच. तिथे एक माणूस उभा केला होता त्यांनी, आणि मी त्याच्या डोक्यावर माझ्या मुलीचा फोटो अडकवला होता.

“हर्षदला सांगू या,” मी म्हणाले.

“न्हाई.”

“आई, ऐका तरी…”

“आईचं आधी एक लग्न झालेलं, हे तेहतीस वर्षांच्या पोराला सांगू? कशाला? म्हणू दे विसरभोळी.”

मग मी ते सांगितलं जे सांगायला नको होतं. डॉक्टर जिन्यात काय म्हणाले, ते. ओवीला त्यांच्याजवळ एकटं सोडायचं नाही, ते.

त्यांचा हात मेथीवर तसाच राहिला.

“बीपी बघाय आले हुते न्हवं?” थोड्या वेळाने म्हणाल्या. “ओवीला माझ्याजवळ ठिवू नको म्हणाले?”

“हो.”

“तू काय म्हणालीस?”

मी काहीच म्हणाले नव्हते. तेच सांगितलं.

त्या उठल्या, मेथीची परात आत घेऊन गेल्या. दारातून वळून म्हणाल्या, “तरीबी सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय तुला.”

शनिवार तसाच गेला. कॉलेजात फोन केला नाही. हर्षदने विचारलं तेव्हा लाइन लागत नाही असं खोटं सांगितलं. शपथ मोडावी, तर त्यांचा विश्वास जातो. न मोडावी, तर नोकरी जाते, आणि हर्षदच्या लेखी त्याची आई वेडी ठरते. आणि मधूनच वाटायचं, त्या सांगतात ते खरंच घडलेलं आहे ना? की तेही डॉक्टर म्हणाले त्यातलंच? जत, विहीर, सुरुंग… यातलं एकही माणूस मी पाहिलं नव्हतं. ओवीला मांडीवर घेऊन मी सासूबाईंचा चेहरा वाचत बसायचे, आणि त्यांना ते कळत होतं.

रविवारी संध्याकाळी हर्षद पक्कड घेऊन आला.

“काय करतोस?” मी विचारलं.

“काढून टाकतो तो खिळा. दिसतो म्हणून ती तिथे जाते. वर लांबी भरू, रंग लावू. विसरून जाईल.”

सासूबाई सोफ्याच्या कडेला ओवीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओवी त्यांच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्याशी खेळत होती.

हर्षदने पक्कड लावली. खिळा घट्ट होता. तो हलवायला लागला, तसा गिलाव्याचा चुरा पडला.

“हर्षद, राहू दे,” मी म्हणाले. “मला लागणार आहे तो.”

“कशाला?”

“चित्र लावायला.”

“चित्र? एवढं खाली? आणि परवा ओवीचा फोटो लावलास तर काय झालं, विसरलीस?” त्याने जोर लावला. खिळा अर्धा बाहेर आला, वाकडा होऊन.

“मारुती,” सासूबाई म्हणाल्या.

हर्षद थांबला. “काय?”

“नाव इचारलं हुतं न्हवं डॉक्टरनं. मारुती. त्यांचं नाव मारुती हुतं.”

“आई, बस तू. शांत बस.” त्याचा आवाज एकदम मऊ झाला, लहान मुलाशी बोलावं तसा. “वृषाली, पाणी आण. आणि ओवीला घे आधी.”

मी ओवीला घ्यायला पुढे झाले. सासूबाईंनी तिला सोडलं नाही. माझ्याकडे पाहिलं फक्त. त्या नजरेत शपथ नव्हती.

मी हात मागे घेतले.

“खरं आहे ते, हर्षद. अण्णांच्या आधी त्यांचं एक लग्न झालं होतं.”

“कुणाचं?”

“आईंचं.”

तो आईकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा. पक्कड हातात तशीच. सासूबाईंनी त्याला सगळं सांगितलं, चार वाक्यांत. विहीर, सुरुंग, सात महिने, काढायचा राहिलेला फोटो. तो ऐकत होता की नाही, मला कळेना.

“मग मी…” तो म्हणाला. “मी कुणाचा?”

“खुळ्या!” सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की ओवी दचकली. “ते गेल्यावर सात वर्षांनी झालास तू. नाक बघ तुझं, अण्णांचं नाक हाय ते. शिकलेला माणूस तू, इचारतोस काय!”

मला हसू फुटलं. हर्षदला आलं नाही. तो गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती. सासूबाई ओवीला जोजवत होत्या, पण बघत होत्या गॅलरीकडे. पोराला सांगून आपण चूक केली, असंच त्यांना वाटत असणार. मलाही तसंच वाटत होतं.

पंधरा मिनिटांनी तो आत आला. पक्कड टीव्हीवर ठेवली.

“उद्या कॉलेजला किती वाजता पोचायचंय तुला?” त्याने मला विचारलं.

“दहाला.”

“साडेनऊला सोडतो.” मग आईकडे न बघता म्हणाला, “ओवीला अकराला पेज लागते.”

“मला सांगतोस? तुला कोणी भरवलं रं?”

मी आत गेले. कपाटातून सुती साडी काढली, इस्त्री तापायला लावली. साडीच्या घड्या नीट जुळेनात. बाहेर हर्षद आईजवळ जमिनीवर बसल्याचा आवाज आला.

“कसे होते गं?”

“आठवत न्हाई म्हटलं न्हवं तिला.”

“तोंड जाऊ दे. चहा प्यायचे का?”

“चहा कुठला तवा! ताक. ताकावर जीव. रानातनं आले की तांब्याच तोंडाला लावायचे, भांडं न्हाई काही न्हाई. मी म्हणायचे, अहो हळू, समदं मिशीला…”

त्या थांबल्या. मी इस्त्री उभी केली.

“काय झालं?” हर्षदने विचारलं.

“अगंबाई,” सासूबाई म्हणाल्या. “मिशी हुती.”